पाटल्या आणि फुल फ्रेम

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण शेतकऱ्याच्या घरात ते मोल कोणाला ना कोणाला तरी मोजावे लागते. कुणाचे वासरू बाजारात जाते, कुणाचे भात लोंबीत असतानाच व्यापाऱ्याच्या नावे लिहिले जाते, तर कुणाच्या कपाटातली दागिन्यांची डबी बँकेच्या तिजोरीत जाऊन बसते. म्हणून घरातले पोर एखाद्या महाग वस्तूसाठी अडून बसले, की वडीलधाऱ्यांनी नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही आणि ‘घे बाबा’ म्हणूनही भागत नाही. वस्तू काय आहे, ती जास्तीचे काय देते आणि ते जास्तीचे आपल्या किती उपयोगाचे, हे समजून घ्यावे लागते. गेल्या हंगामात आमच्या घरात असा प्रश्न उभा राहिला तो कॅमेऱ्याचा.

आमचे मूळ घर रोहा तालुक्यातले. नोकरीमुळे मी नवी मुंबईत, नेरूळला राहतो. थोरला भाऊ पाच वर्षांपूर्वी गेला. मागे वहिनी, दोन एकर भात, भातामागून वाल आणि एक मुलगा. पोरगा बी. कॉम. झालेला, सरळ आणि कष्टाळू आहे. कॉलेजात असल्यापासून एका फोटोवाल्याच्या हाताखाली लग्नकार्यांत फिरला, आणि तीन वर्षांपासून स्वतःच्या नावावर कामे घेतो. त्याच्याजवळ एक जुना डिजिटल कॅमेरा आहे, दुसऱ्याने वापरून विकलेला. आता त्याला ‘फुल फ्रेम’ कॅमेरा हवा होता. त्याची किंमत एक लाख चाळीस हजार आणि त्याला साजेसे भिंग ऐंशी हजारांचे, असे मिळून दोन लाख वीस हजार. पैसे उभे करायला घरात एकच जागा होती, ती म्हणजे वहिनींच्या पाटल्या. ज्या वर्षी भावाला कलिंगड चांगले साधले, त्या वर्षी त्याने त्या केल्या होत्या.

वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, “भावोजी, पाटल्यांचं मला काही नाही. पण एकदा बँकेत गेल्या की त्या परत यायला किती वर्षं लागतात, ते मी शेजारीपाजारी बघितलंय. कॅमेरा खरंच तेवढ्या मोलाचा असेल तर देते. तुम्ही बघा आणि सांगा.” पुतण्याचाही फोन आला. “काका, क्रॉप कॅमेऱ्यावर आता भागत नाही हो.” क्रॉप म्हटले की आम्हा कृषी खात्याच्या माणसांच्या डोळ्यांपुढे पीक उभे राहते. मी म्हटले, “कोणते क्रॉप रे बाबा, खरिपाचे की रब्बीचे?” पोरगा हसला आणि मग त्याने मला धडा द्यायला सुरुवात केली. त्यात माझी थोडी भर घालून तो धडा वाचकांपुढे ठेवतो.

जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात जिथे फिल्म असे, तिथे डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर असतो. सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी एक लहानशी चकती. पूर्वीच्या पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर प्रत्येक चित्राची चौकट ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असे. हे माप १९२५ साली बाजारात आलेल्या लायका या जर्मन कॅमेऱ्याने रूढ केले आणि जगभर तेच चालू राहिले. डिजिटल कॅमेऱ्यात तेवढाच मोठा सेन्सर बसवला, की तो झाला फुल फ्रेम, म्हणजे पूर्ण चौकटीचा. परंतु एवढा मोठा सेन्सर करायला खर्च फार. म्हणून कंपन्यांनी बहुतेक कॅमेऱ्यांत सुमारे साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा सेन्सर घातला. यात पूर्ण चौकटीचा कडेचा भाग छाटला जातो. छाटणे म्हणजे इंग्रजीत क्रॉप, म्हणून हा क्रॉप कॅमेरा. पिकाचा आणि त्याचा काही संबंध नाही.

आता मोठ्या चौकटीचा फायदा काय? पावसाळ्यात पागोळ्यांपासून दूर, मोकळ्या अंगणात एक परात आणि एक ताट ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त साठते, कारण तिचे तोंड मोठे. प्रकाशाचेही तसेच. पूर्ण चौकटीचे क्षेत्र ८६४ चौरस मिलिमीटर, तर क्रॉपचे सुमारे ३६६. म्हणजे सव्वादोनपटीहून थोडे अधिक. भर दुपारी प्रकाशाचा मुसळधार पाऊस असतो. तेव्हा ताटही भरते आणि परातही भरते. परंतु रात्री मांडवात, देवघरात, समईच्या उजेडात प्रकाशाची नुसती भुरभुर असते. तिथे परातीला महत्त्व येते. ताटात पुरेसे साठत नाही, आणि मग फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात.

दुसरा फायदा असा सांगतात, की फुल फ्रेममध्ये नवरीचा चेहरा स्पष्ट ठेवून मागची गर्दी अधिक पुसट करता येते. तिसरा असा, की लहान खोलीत तेच भिंग लावले तर चौकटीत माणसे अधिक मावतात. हे दोन्ही खरे आहे. पण या वस्तूला तोटेही आहेत. कॅमेरा आणि त्याची मोठी भिंगे वजनाला जड. क्रॉपसाठी केलेली स्वस्त भिंगे फुल फ्रेमवर लावली तर चित्राचे कोपरे काळे येतात, म्हणजे भिंगेही नवी घ्यावी लागतात. ट्रॅक्टर घेतला की बैलाचा नांगर चालत नाही, त्यातला हा प्रकार.

पहिला फुल फ्रेम डिजिटल कॅमेरा २००२ मध्ये आला तेव्हा तो श्रीमंत स्टुडिओंपुरताच होता. २००५ मध्ये कॅननने ‘फाइव्ह डी’ काढला आणि तो धंदेवाईक फोटोवाल्यांच्या आवाक्यात आला. २०१३ मध्ये सोनीने आरसा नसलेला लहान आकाराचा फुल फ्रेम आणला. किंमती उतरत गेल्या, तसतशी ही वस्तू गावच्या लग्नांपर्यंत पोचली. आज आमच्या भागातले वधूपिते सुद्धा विचारतात, “फुल फ्रेमवर काढणार ना?” ते काय असते हे विचारणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. पुतण्याला खरी बोच होती ती या प्रश्नाची.

मी दापोलीला कृषी महाविद्यालयात होतो, तेव्हा छत्तीस फोटोंचा एक रोल आम्ही चार मित्र मिळून घेत असू आणि प्रत्येक फोटो मोजून काढत असू. आता माझ्या खिशातल्या मोबाइलवर रोज शेतकऱ्यांचे दहा-वीस फोटो येतात. कुणाच्या भातावर करपा, कुठे खोडकिड्याने पळींज झालेले. हे फोटो पाहून निदान करताना मला कधी मोठ्या सेन्सरची उणीव भासली नाही. उलट जवळून काढलेल्या फोटोत लहान सेन्सरचा फायदाच होतो, कारण किडा, पान आणि देठ ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट येतात. शेतातल्या फोटोला हवा सकाळचा चांगला उजेड, स्थिर हात आणि पुसलेले भिंग. त्यासाठी कोणी लाखाचा कॅमेरा घेऊ नये, हे मी कृषी खात्याचा माणूस म्हणून खात्रीने सांगतो.

आमच्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी येतात. त्यांनाच फ्लेमिंगो म्हणतात. ठाणे खाडीतले सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळींच्या जागतिक यादीतही त्याचे नाव गेले. सकाळी फिरायला गेलो की काठावर दुधी भोपळ्याएवढाली भिंगे घेतलेली माणसे ओळीने बसलेली दिसतात. कॅमेऱ्याचा विषय डोक्यात असल्याने मी त्यांच्यात जाऊन बसू लागलो. तिथे एक निवृत्त गृहस्थ क्रॉप कॅमेरा घेऊन येतात. शेजारी फुल फ्रेमवाले असताना तुम्ही हा का वापरता, असे विचारले. ते म्हणाले, “अहो, पक्षी आपल्याजवळ येत नाही. ह्या कॅमेऱ्यात तीनशेचं भिंग साडेचारशेसारखं काम देतं. फुल फ्रेमवर तेवढा पक्षी हवा तर भिंग दुप्पट जड आणि कितीतरी महाग घ्यावं लागतं. माझी पाठ आणि पेन्शन, दोन्हींना हाच परवडतो.” म्हणजे जी छाटलेली कड लग्नाच्या खोलीत अडचण ठरते, तीच दूरच्या पक्ष्यासाठी सोय ठरते. कोणते वाण चांगले असे मला शेतकरी विचारतात, तेव्हा मी आधी विचारतो, जमीन कोणती आणि पाणी किती. कॅमेऱ्यालाही तोच न्याय लावायचा.

परंतु ऐकीव गोष्टींवर शिफारस करायची नाही, ही आमच्या खात्याची शिस्त. म्हणून मी पुतण्याला म्हटले, “आपण प्रात्यक्षिक घेऊ.” शहरात कॅमेरे भाड्याने मिळतात. अनामत ठेवून आणि ओळखपत्र दाखवून एका दिवसाला अठराशे रुपये भाड्याने फुल फ्रेम कॅमेरा आणि मोठे भिंग आणले. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याच्याच कंपनीचा, म्हणजे दोन्हींना एकच भिंग बसेल असा. शिवाय १.८ आकड्याचे एक लहान, साधे भिंग दुकानदाराने थोडे जास्तीचे भाडे घेऊन दिले.

या १.८ आकड्याची गंमत शेतकऱ्याला लगेच कळेल. दोन इंची पाइपाच्या जागी चार इंची पाइप घातला, तर तोंड दुप्पट नव्हे, चौपट होते. भिंगाच्या तोंडाचेही तसेच. फक्त इथे आकडा उलटा चालतो. आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे. पुतण्याच्या जुन्या भिंगाचे तोंड लांबच्या टोकाला ५.६ आकड्यापर्यंतच उघडते. १.८ चे भिंग त्याच्या साडेनऊपट प्रकाश आत घेते. मोठा सेन्सर देतो सव्वादोनपट, आणि हे लहान भिंग देते साडेनऊपट!

गावात शेजारच्या घरी हळद होती. घरच्यांची परवानगी घेऊन आम्ही तीन प्लॉट पाडले. ‘अ’ म्हणजे जुना कॅमेरा, जुने भिंग. ‘ब’ म्हणजे जुना कॅमेरा, १.८ चे लहान भिंग. ‘क’ म्हणजे फुल फ्रेम, आणि त्यावर तेच लहान भिंग. चौकट सारखी यावी म्हणून फुल फ्रेमच्या वेळी पुतण्या दोन पावले पुढे सरकत होता. बी आणि खत दोन्ही एकदम बदलले, तर वाढ कशामुळे झाली ते कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलली. संध्याकाळी उन्हे असताना काही फोटो काढले, रात्री मांडवातल्या दिव्यांत काही, आणि एक नवरीच्या आजीचा, पडवीत एका पिवळ्या दिव्याखाली बसलेली असताना. मग अल्बमच्या पानाएवढ्या, म्हणजे बारा बाय अठरा इंचांच्या प्रती छापून घेतल्या आणि मागे पेन्सिलीने अक्षरे लिहिली.

परीक्षक म्हणून वहिनी, दोन शेजारणी आणि नवरीचे वडील बसले. कोणता फोटो कशाने काढला ते त्यांना सांगितले नव्हते. दिवसाच्या फोटोंत कुणाचेच एकमत होईना. एक म्हणे हा बरा, दुसरी म्हणे तो बरा. रात्री मांडवात काढलेल्या फोटोंत मात्र चौघांनीही ‘अ’ बाजूला टाकला. ‘ब’ आणि ‘क’ मध्ये पुन्हा घोळ झाला. आजीच्या फोटोत निकाल स्वच्छ लागला. वहिनींनी तिन्ही प्रती दिव्याखाली धरल्या आणि ‘क’ वर बोट ठेवले. “ह्यात म्हातारीच्या सुरकुत्या दिसतात. ह्या दुसऱ्यात जरा कमी, आणि तिसऱ्यात नुसता रवा सांडलाय.” पुतण्याचा चेहरा फुलला. आणि खरे सांगायचे तर तो फोटो पाहून माझेही मन हलले. मोठ्या सेन्सरचा गुण खोटा नाही. जिथे उजेड अगदीच थोडा, तिथे तो दिसतो आणि अडाणी माणसालाही दिसतो.

आता उरला हिशेब. दोन लाख वीस हजारांचे कर्ज वर्षाला १२ टक्के व्याजाने ३ वर्षांत फेडायचे धरले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,३०० रुपये येतो. वर्षाचे झाले सत्त्याऐंशी हजारांवर. भाड्याने आणला तर एका रात्रीचे १,८००. म्हणजे वर्षात ४८-४९ रात्रींहून अधिक काम असेल, तरच स्वतःचा कॅमेरा भाड्यापेक्षा स्वस्त पडेल. पुतण्याला म्हटले, “वही काढ.” गेल्या वर्षी त्याची ३४ लग्ने झाली होती. त्यांत हळद किंवा रात्रीचा स्वागतसमारंभ असे रात्रीचे काम १४ वेळा. चौदा रात्रींचे भाडे २५,२०० रुपये. शिवाय लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि पाऊस लागला की संपतात. हप्ता मात्र आषाढातही भरावा लागतो आणि श्रावणातही. नेमक्या त्याच दिवसांत लावणीची मजुरी आणि खताचे पैसे लागतात. हे कोष्टक मांडल्यावर पोरगा गप्प झाला.

थोड्या वेळाने म्हणाला, “काका, असा हिशेब दादासाहेब फाळक्यांनी केला असता तर?” प्रश्न खोचक होता, पण योग्य होता. त्र्यंबकेश्वरच्या या माणसाने विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, १९१२ मध्ये विलायतेला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. मी त्याला म्हटले, “फाळक्यांची पुढची गोष्ट तुला ठाऊक आहे का? कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी राजाराणीचा चित्रपट काढला नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून त्याचा वेल होईपर्यंतची वाढ टिपली. तो मिनिटभराचा तुकडा पैसेवाल्यांना दाखवला, मग भांडवल मिळाले. पेरून दाखव, मग माग, ही त्यांची रीत. आणि फिल्म धुण्यापासून तिला भोके पाडण्यापर्यंतचे काम सरस्वतीबाई घरात करत होत्या. त्यांना विचारात न घेता काही झाले नाही. त्यांनी धाडस केले खरे. पण त्यांच्या हाती जे यंत्र होते ते दुसरीकडे भाड्याने मिळणारे नव्हते. तुझे यंत्र अठराशे रुपयांत मिळते.”

एवढे बोलून मी निर्णय त्याच्यावर आणि वहिनींवर सोपवला. दोघांनी दोन दिवस घेतले. ठरले ते असे: पाटल्या डबीतच राहतील. १.८ चे लहान भिंग नवे घ्यायचे, त्याला बारा हजार पडले, आणि ते पुढे फुल फ्रेमवरही चालेल असेच पाहून घेतले. अंधारातल्या कामाला मोठा कॅमेरा भाड्याने आणायचा आणि ते भाडे गिऱ्हाइकाला आधी सांगून बिलात धरायचे. रात्रीच्या कामांची वहीत वेगळी नोंद ठेवायची. ती पन्नासाच्या घरात गेली, की कर्जाला मी स्वतः जामीन राहीन, असा शब्द मी दिला आहे आणि तो वहिनींसमोर दिला आहे. वहिनी म्हणाल्या, “आणि तेव्हा पाटल्या लागल्या तर त्याही देईन. पण तेव्हा तो मागायला येईल तो वही घेऊन.”

ज्यांच्या घरी असाच प्रश्न आला असेल, त्यांच्यासाठी माझी शिफारस थोडक्यात देतो. शेतातले फोटो, मुलांचे वाढदिवस, देवदर्शन आणि मोबाइलवर धाडायची चित्रे यांसाठी फुल फ्रेमचा जास्तीचा खर्च वसूल होत नाही. मोबाइलवर पाठवलेले चित्र आक्रसून जाते आणि मोठ्या सेन्सरने कमावलेले वाटेतच सांडते. दूरचे पक्षी टिपायची हौस असेल तर क्रॉप सोयीचा. चोवीस मेगापिक्सेलचे चित्र फुल फ्रेमचे असो वा क्रॉपचे, ते वीस बाय तेरा इंचांपर्यंत उत्तम छापता येते, तेव्हा मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. आधी भिंगावर खर्च करावा, मग कॅमेऱ्यावर. चांगले भिंग विहिरीसारखे, वर्षानुवर्षे कामाला येते. कॅमेऱ्याची किंमत नवे मॉडेल आले की उतरते. आणि ज्याचे पोट रात्रीच्या फोटोंवर भरते, ज्याच्या वहीत तेवढी कामे लिहिलेली आहेत, त्याने मात्र मन मारू नये. त्याला फुल फ्रेम हे अवजार आहे, चैन नव्हे. आईबापांनीही त्याला उडवून लावू नये.

आजीच्या त्या फोटोची मोठी प्रत पुतण्याने नवरीच्या घरी चौकटीत बसवून दिली. मागे तारीख आणि गावाचे नाव लिहिले. तो पाहून शेजारच्या गावातून दोन कामे आली, त्यांतले एक रात्रीचे. वहीत आता नव्या हंगामाची नोंद सुरू झाली आहे. वर्षअखेरीस आकडा काय होतो, ते पाहून पुढचे ठरवू.